तालमीसाठी एक शेड

६ आणि ७ जानेवारी २०२४ रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरले. डॉ. जब्बार पटेल अध्यक्ष होते. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने ज्या माळावर पहिला मोठा भोंगा वाजवला, साठच्या दशकात बजाज आणि टेल्को ज्या गावांच्या शिवारात येऊन वसल्या, त्या भूमीला नाट्यसंमेलनाचा शंभरावा मांडव मिळाला, ही अभिमानाचीच गोष्ट होती. त्याआधी २०१६ मध्ये साहित्य संमेलनही इथेच झाले. महापालिकेची नाट्यगृहेही मोजायला बसलो तर एका हाताची सगळी बोटे लागतात: चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह, सांगवीचे निळू फुले रंगमंदिर आणि प्राधिकरणातले गदिमा नाट्यगृह. एवढे असूनही या पट्ट्यातल्या एखाद्या लहान महाविद्यालयातल्या दहा-बारा मुलांनी एकांकिका बसवायची ठरवली, तर ती बसवायची कुठे, या प्रश्नाला या श्रीमंत शहराकडे धड उत्तर नाही. वाहनतळ, गच्ची, नाहीतर बाके भिंतीला लावून रिकामा केलेला वर्ग, आणि तोही शिपाई कुलूप घेऊन येईपर्यंतच. माझे म्हणणे असे की पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये संस्कृतीवर यापुढे जो पैसा खर्च होईल, तो सहाव्या मोठ्या नाट्यगृहाआधी लहान महाविद्यालयांच्या आवारातल्या लहान रंगमंचांवर खर्च व्हावा. आणि ते रंगमंच प्रयोगासाठी बांधण्याआधी तालमीसाठी बांधले जावेत.

तालमीचे गणित साधे आहे. पाऊण तासाची एकांकिका उभी करायला महिनाभर रोज दोन-अडीच तास तालीम लागते. म्हणजे रंगमंचावरच्या पाऊण तासामागे साठ ते पंचाहत्तर तासांची जागा हवी. महापालिकेचे नाट्यगृह सत्रावर भाड्याने मिळते. आठशे-हजार खुर्च्या, वातानुकूलन, विजेचे बिल, सुरक्षारक्षक हा सगळा पसारा प्रेक्षकांसाठी उभा केलेला असतो. तो साठ तास तालमीसाठी घेणे कुठल्याच महाविद्यालयाला परवडणार नाही आणि पालिकेलाही देता येणार नाही. म्हणून होते असे की मुलगा किंवा मुलगी खऱ्या प्रकाशात पहिल्यांदा उभी राहते ती थेट स्पर्धेच्या दिवशी. विंगेतून किती पावलांत मध्यावर येतो, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचतो का, दिवा डोळ्यांवर आला की चेहरा कसा सावरायचा, हे शिकायला तिला एकदाही संधी मिळालेली नसते. प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाची अवस्था त्याहून वाईट. त्याने वहीत आकृती काढलेली असते, पण डिमरला हात लावलेला नसतो.

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात होणाऱ्या या स्पर्धेतून मराठी रंगभूमीला आणि चित्रपटाला किती माणसे मिळाली, हे वाचकांना सांगायला नको. २०२२ च्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कोणालाच न देण्याचा निर्णय घेतला. स्पर्धेच्या इतिहासात असे प्रथमच घडले आणि त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. संहिता कमकुवत होत्या की परीक्षक कठोर, या वादात मला इथे शिरायचे नाही. मला त्यातून वेगळाच प्रश्न दिसतो. स्पर्धेच्या आधीचा महिना-दीड महिना सोडला, तर वर्षाचे उरलेले दहा-अकरा महिने आमची महाविद्यालयीन मुले नाटक करतात कुठे? चषकासाठी घाईने बसवलेले नाटक आणि वर्षभर चुका करत, मोडत, पुन्हा बांधत पक्के झालेले नाटक यांत फरक पडणारच. चुका करायला जागा लागते, आणि ती स्पर्धेच्या रंगमंचावर मिळत नाही.

मराठी रंगभूमीने हा धडा एकदा घेतलेला आहे. १९७४ पासून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मुंबईचे बहुतेक प्रायोगिक नाटक दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाभोवती फिरत होते. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांची ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था यांनी एका शाळेचा साधा हॉल धरला. तिथे ना फिरता रंगमंच होता ना मखमली पडदा. रोज संध्याकाळी उपलब्ध असणारी, परवडणारी, प्रेक्षकाला हाताच्या अंतरावर बसवणारी जागा होती. त्या काळाला आपण आजही ‘छबिलदास चळवळ’ म्हणतो. चळवळीचे नावच जागेवरून पडले. ती जागा सुटल्यावर ‘आविष्कार’ने माहीमच्या पालिका शाळेत बिऱ्हाड हलवले आणि पुन्हा एका शाळेचाच आसरा घेतला. पुण्यात विद्यापीठाने १९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू केले, तेव्हा त्याला गुरुकुलाचे रूप दिले गेले. तिथला अंगणमंच हा उघड्यावरचा साधासुधा रंगमंच आहे, पण तो विद्यार्थ्यांच्या रोजच्या वाटेवर आहे. कर्नाटकात हेग्गोडूसारख्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांनी ‘नीनासम’ उभारले, १९८० मध्ये तिथे नाट्यशिक्षण सुरू केले आणि सुपारीच्या बागांमधल्या त्या गावाने पुढे सबंध कर्नाटकाला नट आणि दिग्दर्शक पुरवले. चाकण हेग्गोडूपेक्षा लहान नाही आणि गरीब तर मुळीच नाही.

शंभराव्या संमेलनाचे अध्यक्षही याच वाटेने आलेले. जब्बार पटेल पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातले, मोहन आगाशे तिथलेच. नाटकाशी अभ्यासक्रमाचा काही संबंध नसलेल्या महाविद्यालयाने नाटकाला आसरा दिला आणि १९७२ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मागे उभी राहिलेली माणसे त्या वातावरणात घडली. तशी शक्यता आज आकुर्डीतल्या किंवा राजगुरुनगरातल्या महाविद्यालयात नाही, असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. तिथल्या मुलांत तेवढा जीव आहे. दार मात्र त्यांच्यासाठी उघडे नाही.

औद्योगिक पट्ट्याला नाटक परके असते, अशी एक समजूत आहे आणि ती इतिहासाला धरून नाही. मुंबईच्या गिरणगावात, परळला, सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये दामोदर हॉल उभारला. गिरणीत पाळी करून आलेला कोकणातला कामगार तिथे आपले नमन, आपली दशावतारी, आपले नाटक घेऊन उभा राहिला. ज्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपायची वेळ होती, तिथल्या माणसांना नाटकाची गरज वाटली, हे विसरता कामा नये. राज्यात १९५३ मध्ये कामगार कल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या नाट्यस्पर्धांतून कामगारांच्या पिढ्या रंगमंचावर आल्या. पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कंपन्यांतला कायम कामगार त्या परंपरेत सहज सामावला: हातात ठरलेली पाळी, पाठीशी युनियन, अंगावर कंपनीचा गणवेश आणि दाखवायला एक ओळख. आजचा चाकणचा कामगार बहुतेक ठिकाणी कंत्राटी आहे. तालमीसाठी त्याला सुट्टी कोण देणार? तो स्वतः नाटक करू शकेल, ही आशा धरणेही क्रूरपणाचे वाटते. पण त्याची मुले इथल्याच लहान महाविद्यालयांत शिकतात. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्या घरांतली ही मुले सकाळी वर्गात असतात आणि दुपारनंतर कुठे ना कुठे कामाला. गिरणगावात जे बापाला मिळाले, ते इथे मुलांना त्यांच्या महाविद्यालयातच मिळू शकते, कारण दिवसातून काही तास खात्रीने त्यांचे पाय जिथे लागतात अशी तेवढी एकच सार्वजनिक जागा त्यांच्या आयुष्यात उरली आहे.

आणि हा मुलूख सादरीकरणाच्या कलेत आजचा नाही. चाकणच्या पलीकडे पुणे-नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर ओलांडून गेले की नारायणगाव लागते. पाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचे गाव ते. चाकणच्या अलीकडच्या बाजूला, आळंदीत, जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि कीर्तनकार घडवण्याची एक शिस्तबद्ध पद्धत घालून दिली. ज्ञानेश्वरी, गाथा, गायन, पखवाज यांचा रोजचा पाठ आणि रोजचा सराव. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि समोर ऐकणारी माणसे, एवढ्या भांडवलावर शंभराहून अधिक वर्षे कीर्तनकार तयार होत आहेत. कुठल्याही नाट्यशिक्षण संस्थेने हा नमुना आदराने पाहावा. आळंदी भोसरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. आपल्याच अंगणातला हा अनुभव महाविद्यालयांनी का वापरू नये, हे मला कळत नाही.

आता हा रंगमंच कसा असावा. बहुतेक महाविद्यालयांत ‘सभागृह’ म्हणून जे बांधले जाते ते भाषणासाठी असते. तीन फूट उंच ग्रॅनाइटचे व्यासपीठ, मागे संस्थापकांच्या तसबिरी, जमिनीला बोल्ट केलेल्या खुर्च्या, छतात चिकटवलेले पांढरे दिवे. ग्रॅनाइटवर कथक किंवा लावणी करणाऱ्या मुलीच्या गुडघ्यांचे काय होते, हे कोणत्याही नृत्यशिक्षिकेला विचारा. हवी आहे ती याच्या उलट गोष्ट. चाळीस फूट बाय पन्नास फुटांची, खांब नसलेली, अठरा-वीस फूट उंचीची एक मोकळी खोली. भिंती काळ्या. जमीन लाकडी, खाली थोडी लवचीक. वर पाइपांची जाळी, जिच्यावर दिवा कुठेही टांगता येईल आणि जिथे मुलांना सुरक्षितपणे चढता येईल. खुर्च्या घडीच्या, पायऱ्या सरकवता येण्याजोग्या, म्हणजे प्रेक्षक आज समोर बसवा, उद्या तिन्ही बाजूंनी. शंभर-सव्वाशे माणसे बसली की पुरे. नेपथ्य आत येईल एवढे मोठे दार, सामान ठेवायला कोठी, मुलींसाठी स्वतंत्र रंगपट आणि स्वच्छतागृह. पुण्याच्या सुदर्शन रंगमंचाने लहान जागेत किती मोठे काम होते ते दाखवून दिले आहे. मुंबईत १९७८ मध्ये उभे राहिलेले पृथ्वी थिएटरही दोनशेच्या आसपास प्रेक्षकांचेच आहे.

या वर्णनाकडे भोसरीतला कोणताही फॅब्रिकेटर पाहील तर म्हणेल, ही तर शेड झाली. अगदी खरे. लोखंडी सांगाडा, ट्रस, वर पत्रा, आत उष्णता आणि आवाज रोखणारे अस्तर, तीन फेजची स्वतंत्र वीजजोडणी. मोठ्या अंतराची, खांबाविना शेड उभारण्याचे कसब या पट्ट्याइतके महाराष्ट्रात क्वचितच कुठे असेल. इथे कारखान्याचे शॉप बघता बघता उभे राहते. मग संगमरवरी पायऱ्या आणि काचेच्या दर्शनी भिंतींची कोट्यवधींची वास्तू हवी कशाला? प्रकाशाची जाळी, डिमर, नेपथ्याच्या चौकटी, सरकत्या पायऱ्या ही वेल्डर, वायरमन आणि सुताराची कामे आहेत. महापालिकेची मोरवाडीची आयटीआय आणि आसपासची तंत्रनिकेतने यांच्या विद्यार्थ्यांना ती प्रात्यक्षिक म्हणून देता येतील. नाटक म्हणजे फक्त नट, ही समजूतही त्यातून सुटेल. बॅकस्टेजचा मुलगा इथे उपरा राहणार नाही. या गावात त्याच्या हातातल्या कसबाला आधीच मान आहे.

आक्षेप अनेक आहेत आणि त्यातला सर्वांत वजनदार आधी घेतो. अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक तुटपुंज्या मानधनावर राबत आहेत, ग्रंथालयांना पैसे नाहीत. अशा वेळी रंगमंच कसला मागता? शिक्षक की रंगमंच, अशी निवड खरोखर करावी लागली, तर मी शिक्षक निवडेन आणि हा लेख मागे घेईन. पण पैशाची खाती वेगळी आहेत. शिक्षकाचा पगार हा शासनाचा कायमचा आवर्ती खर्च आहे. त्यासाठी भांडायलाच हवे आणि ते भांडण वेगळे आहे. इमारतीचा खर्च एकदाच येतो आणि तो उद्योगांकडून येऊ शकतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण आहे, तसेच कला-संस्कृतीचे जतनही आहे. चाकण आणि पिंपरीत ज्यांच्या पाट्या आहेत त्या कंपन्यांना हे ठाऊक नाही असे नाही. त्यांच्याकडे असा नेमका प्रस्ताव घेऊन जाणारे महाविद्यालय मात्र दिसत नाही. शिवाय प्रत्येक महाविद्यालयाला स्वतंत्र रंगमंच मी मागतच नाही. आकुर्डी-निगडीला एक, भोसरी-मोशीला एक, चाकण-राजगुरुनगरला एक, आणि आसपासच्या सर्व महाविद्यालयांचा त्यावर वेळापत्रकाने समान हक्क. सुरुवातीला तिन्ही शक्य नसतील तर पहिला चाकणच्या बाजूला व्हावा, कारण तिकडे गेले की शहराची पाचही नाट्यगृहे मागे पडतात.

दुसरा आक्षेप मेट्रोचा. सप्टेंबर २०२४ पासून पिंपरीहून थेट स्वारगेटपर्यंत मेट्रो जाते, मग पुण्याचे रंगमंच आता दूर कुठे राहिले? प्रेक्षकापुरते हे खरे आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण तालीम ही रोजची गोष्ट आहे. मोशीची मुलगी रोज संध्याकाळी सदाशिव पेठेत जाऊन रात्री दहाला परत येणार नाही. तिच्या घरचे तिला पाठवणार नाहीत, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अंतराची किंमत मुलींना सर्वांत आधी मोजावी लागते. वर्ग जिथे आहे तिथेच रंगमंच असेल, तर तीच मुलगी साडेसहापर्यंत तालीम करून वेळेत घरी पोहोचते. चाकणहून तर मेट्रोच नाही; आहे तो नाशिक रस्ता आणि त्यावरची वाहनांची रांग.

आणखी एक म्हणणे असते की या मुलांना नोकरी हवी आहे, नाटकाने पोट भरत नाही. याला उत्तर देताना अनेक जण सांगतात की नाटकाने आत्मविश्वास वाढतो, मुलाखत चांगली जाते, संवादकौशल्य येते. येत असेलही. मला ही बाजू मांडावीशी वाटत नाही. नाटक मुलाखतीसाठी करायचे असेल, तर त्याऐवजी मुलाखतीचाच वर्ग घ्यावा. कामगाराच्या मुलाला नाटक, नृत्य, गाणे यांचा हक्क आहे तो तो माणूस आहे म्हणून, आणि तो हक्क पेठेतल्या मुलापेक्षा तसूभरही कमी नाही. त्यातून नोकरी मिळो वा न मिळो. शासनानेही आता हे कागदावर मान्य केले आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची जी चौकट आखली, तिच्यात सहअभ्यासक्रम म्हणून सादरीकरणाच्या कलांना श्रेयांक दिले आहेत. प्रयोगशाळेशिवाय रसायनशास्त्राचे श्रेयांक देणाऱ्या महाविद्यालयाला कोणी मान्यता देणार नाही. रंगमंचाशिवाय नाट्यकलेचे श्रेयांक मात्र आपण खुशाल देऊ लागलो, तर ती मुलांची फसवणूक ठरेल.

शेवटची भीती अनुभवातून आलेली आहे आणि ती मला रास्त वाटते. अशी खोली बांधली की दोन वर्षांत तिच्यात परीक्षेची बाके शिरतात, मग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, मग एखाद्या पुढाऱ्याचा सत्कार. मोठ्या नाट्यगृहांतही शाळांची स्नेहसंमेलने, मेळावे आणि पुरस्कार सोहळे नाटकाच्या तारखा खातात. दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने बंद राहिलेली दारेही या शहराने पाहिली आहेत. यावर उपाय बांधकामात अर्धा आहे. व्यासपीठच नसलेल्या, काळ्या भिंतींच्या, सपाट जमिनीच्या खोलीत सत्कार करायला कोणाला फारसा उत्साह वाटत नाही. उरलेला अर्धा नियमात हवा. देणगीच्या करारातच लिहून घ्यावे की रोज दुपारी तीन ते रात्री आठ ही वेळ विद्यार्थ्यांच्या तालमीची, आणि ती काढून घेण्याचा अधिकार प्राचार्यांनाही नाही. किल्ली विद्यार्थ्यांच्या समितीकडे आणि एका पूर्णवेळ रंगमंच तंत्रज्ञाकडे असावी. या तंत्रज्ञाचा पगार पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरला नाही, तर मी सांगतो, शेड बांधूच नये. दिवे जळतात, तारा तुटतात, आणि ज्याला त्यातले कळते असा माणूस नसेल तर वर्षभरात कुलूप लागते.

या सगळ्याला वेळ लागेल. प्रस्ताव, आराखडा, परवानग्या, देणगीदार यात दोन-तीन वर्षे सहज जातील. या पट्ट्यातल्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती त्याच्या आधीची आहे आणि तिला फारसा खर्च नाही. येत्या जूनमध्ये वर्ग सुरू होतील तेव्हा एक मोठी खोली निवडा, तिच्यातली बाके काढा, भिंती काळ्या रंगवा, छताला दोन पाइप आणि सहा दिवे लावा, आणि ती रात्री आठपर्यंत उघडी ठेवा.